जुन्या दर्यावर्दी साहसकथा आजच्या वाचकांसाठी पुन्हा काढायच्या आहेत – हक्क, मजकूर, छपाई, ध्वनी

कराडचा_वाचक

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने काढून टाकायला ठेवलेल्या गठ्ठ्यात १९४० ते १९६० च्या दरम्यानच्या छोट्या साहसकथा मिळाल्या आहेत. गलबतं, चाचे, बेटावरचा खजिना, आरमारी लढाया असा सगळा मसाला. स्वस्त कागद, ९६ ते १२८ पानं, दोन रंगांतली भडक मुखपृष्ठं. काहींवर लेखकाचं नाव आहे, काहींवर टोपणनाव, दोन-तीनांवर काहीच नाही. कागद तपकिरी पडलाय, दुमडला की तुटतो.

यातली एखादी चांगली कथा निवडून सातारा-सांगली भागातल्या शाळकरी आणि कॉलेजच्या वाचकांपर्यंत न्यायची आहे. छापील पुस्तक ५०० प्रती आणि सोबत भागांमध्ये ऐकता येईल असं वाचन, असा बेत आहे. प्रश्न असे:

१. हक्कांचं कसं तपासायचं?
२. मजकूर संगणकावर कसा आणायचा? जुन्या शुद्धलेखनाचं काय करायचं?
३. आजच्या वाचकासाठी किती बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?
४. छपाईचा हिशेब आणि ध्वनिमुद्रणात कुठे फसतं?

जुना_गठ्ठा

कागदाला हात लावायच्या आधी हक्क बघा. नाहीतर सहा महिने राबून काम पेटीत ठेवावं लागेल.

आपल्या १९५७ च्या स्वामित्व कायद्याप्रमाणे लेखकाचा मृत्यू ज्या वर्षी झाला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. म्हणजे २०२६ साली हिशेब असा: लेखक १९६५ अखेरपर्यंत वारला असेल तर पुस्तक मोकळं. १९६६ मध्ये गेला असेल तर हे वर्षभर थांबा. पुस्तक १९४२ चं आहे म्हणून ते मोकळं, ही समजूत सगळीकडे आढळते आणि ती चुकीची आहे. बाबूराव अर्नाळकरांचं उदाहरण घ्या. ते १९९६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावर २०५६ अखेरपर्यंत हक्क आहे, मग पुस्तक कितीही जुनं असो.

निनावी आणि टोपणनावाच्या पुस्तकांना ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. पण ती मुदत संपायच्या आत खरं नाव जाहीर झालेलं असेल, तर पुन्हा मृत्यूपासूनचा नियम लागतो. म्हणून टोपणनावामागे कोण होतं याचा शोध घ्यावाच लागतो. प्रकाशन वर्ष पुस्तकावर नसेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. १९५४ पासून प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नंतरच्या पुस्तकांसाठी तिथली नोंद बघा. तुमच्या प्रतीत पानं गळालेली असतील तर दुसरी प्रतही तिथेच मिळण्याची शक्यता जास्त.

तीन गोष्टी लोक विसरतात. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं वेगळ्या माणसाची असतात, त्यांची ६० वर्षं वेगळी. चित्राच्या कोपऱ्यातली सही भिंगाने वाचा. दुसरं, त्या काळच्या कित्येक दर्याकथा इंग्रजीवरून उचललेल्या आहेत आणि मूळ लेखकाचं नाव कुठेच नाही. पात्रांची नावं मराठी पण जेवणात खारवलेलं गोमांस आणि रम, किंवा रत्नागिरीच्या समुद्रात हिमवादळ, असं दिसलं की सावध व्हा आणि मूळ शोधा, कारण मूळ लेखकाचाही हक्क तपासावा लागतो. तिसरं, वारस सापडले तर तोंडी होकारावर जाऊ नका. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ध्वनीचा हक्क वेगळ्या ओळीत मागा. छपाईच्या हक्कात तो आपोआप येत नाही.

लेखक किंवा वारस सापडतच नसेल तर ३१अ कलमाखाली परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते आणि मग अर्ज. एका छोट्या पुस्तकासाठी ही वाट मी सुचवणार नाही. गठ्ठ्यातलं दुसरं पुस्तक निवडा.

खिळेजुळारी

मजकुराबद्दल सांगतो.

असला कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. आधी एका कोपऱ्याची घडी घालून उलगडून बघा. दोन घड्यांत कोपरा सुटला तर ते पुस्तक सपाट स्कॅनरवर उलटं दाबायचं नाही, पाठ तुटते. पुस्तक ९० ते १०० अंशांपर्यंतच उघडायचं, दोन फळ्यांच्या व्ही आकारात ठेवायचं, वर हलकी काच आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून दिवे. प्रत्येक पानाच्या मागे काळा कागद सरकवा. पातळ कागदावर मागची छपाई पुढे उमटते आणि तीच संगणक अक्षर म्हणून वाचतो. गंजलेल्या पिना आधी चपट्या पकडीने सरळ करून काढा, ओढून नाही. मजकुराला ३०० डीपीआय पुरतं, बारीक टाइप असेल तर ४००, मुखपृष्ठ ६०० ला. मूळ प्रतिमा टिफमध्ये ठेवा, जेपीजीवर काम करू नका.

२०१९ च्या पुरात भिजलेली पुस्तकं अजूनही आपल्याकडे गठ्ठ्यांत येतात. पानं चिकटलेली असतील तर कोरडी सोडवायला जाऊ नका, आणि बुरशीचा वास आला तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं ठेवून मास्क लावूनच उघडा.

स्कॅन सरळ करून कडा कापायला स्कॅनटेलर, अक्षरओळखीला टेसरॅक्टचं मराठीचं ‘बेस्ट’ मॉडेल. पान एका स्तंभाचं असेल तर तसं सांगावं लागतं, नाहीतर ते चित्राखालची ओळ मजकुरात घुसवतं.

खरं काम यानंतर. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार सगळीकडे आहेत. नाहीं, कांहीं, करूं, त्यानें, पुढें, मुळें, तेथें ही यादी एका झटक्यात बदलून टाकायला हरकत नाही. पण सगळे अनुस्वार उडवण्याचा मोह टाळा. ‘गलबतांत’ हा शब्द घ्या. जुन्या लेखनात तो एका गलबतातही असू शकतो आणि अनेक गलबतांतही. पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. ‘-आंत’ ने संपणारे शब्द एकेक करून बघा, १०० पानांच्या पुस्तकात ते शेकड्यांनी निघतील. शिवाय तपकिरी कागदावरचा डाग संगणकाला अनुस्वार वाटतो आणि फिका अनुस्वार डाग वाटतो.

दुसरी खोड अर्ध्या र ची. वाऱ्यावर, किनाऱ्याला, ताऱ्यांकडे यांचा हमखास ‘वार्यावर’, ‘किनार्याला’ होतो. मग कोणीतरी शोधा-आणि-बदला वापरून सगळे ‘र्या’ बदलतो आणि दर्याच्या दऱ्या होतात. समुद्रकथेत हा घोटाळा पानोपानी असतो. नियम साधा ठेवा: दर्या, दर्यावर्दी, कार्य, सूर्य, धैर्य, मर्यादा यांची वगळायची यादी आधी करा, मगच बदल चालवा. शेवटी एकाने मूळ पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून बघायचं. याला पर्याय नाही.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवादात ‘झालं, केलं, आलं’ चालू द्या. जुन्या पुस्तकांत खलाशीसुद्धा ‘मीं तसें केलें नाहीं’ असं बोलतात, ते आज कानाला टोचतं. पण कृपा करून त्यांच्या तोंडी विनोदी कोळी बोली घालू नका. मालवणी हवीच असेल तर मालवणी माणसाकडून वाचून घ्या.

तांडेल_कट्टा

तिसऱ्या प्रश्नावर माझं ठाम मत आहे. या कथांचा वेग, खलनायकाचा राग, प्रकरणाच्या शेवटचा धक्का यांना हात लावू नका, त्याच्यासाठीच लोक वाचतात. दुरुस्त करायचा तो समुद्र. तो बहुतेक कथांमध्ये खोटा आहे, आणि खोटा असल्यामुळेच नीरस आहे. लाटा नेहमी ‘पर्वतप्राय’, वारा नेहमी ‘उग्र’. घाटमाथ्यावरच्या वाचकाने समुद्र सहलीपुरता पाहिलेला असतो. त्याला विशेषणं काही दाखवत नाहीत. वारा कुठून, किनारा कुठे आणि पाणी किती, एवढं कळलं की त्याच्या पोटात गोळा येतो.

त्या धाटणीचा एक नमुना लिहून दाखवतो:

*‘वाऱ्यानें उग्र स्वरूप धारण केलें होतें व पर्वतप्राय लाटा गलबतावर आदळत होत्या. अशा त्या भीषण प्रसंगीं शूर कप्तानानें सर्व शिडें उभारण्याचा हुकूम दिला व गलबत बाणासारखें किनाऱ्याकडे धांवूं लागलें.’*

वादळात सगळी शिडं उभारली तर डोलकाठी मोडते. आणि वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना किनाऱ्याकडे धावणं म्हणजे खडकावर जाणं. शिडाच्या गलबताला वादळात जमिनीचीच सगळ्यात जास्त भीती असते, खोल समुद्राची नाही. आता तोच प्रसंग:

*‘तांडेलानं मोठं शीड अर्ध्यावर उतरवलं. वारा पश्चिमेचा, आणि गलबताच्या पाठीशी अर्ध्या कोसावर खडक. “नाळ वाऱ्यात घाल!” तो सुकाण्यावर ओरडला. “नांगर सोडा!” दोर सरसरत गेला, ताणला, करकरला. गलबत थांबलं. मग दोर ढिला पडला.’*

शेवटच्या वाक्यात नांगर सुटलाय हे वाचकाला आपोआप कळतं. तळटीप लागत नाही. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक हेही पहिल्या दोन प्रसंगांत हालचालीतून कळू द्या. शब्दार्थांची यादी मागे द्यायची तर २० शब्दांच्या आत ठेवा.

तपासायचं कसं ते सांगतो. पुस्तकाशेजारी कोकण किनाऱ्याचा नकाशा आणि वही घ्या. प्रत्येक प्रसंगाला महिना, तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा लिहा.

महिना: जून ते ऑगस्ट शिडाची वाहतूक बंद, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू. त्यामुळे आषाढात गलबत मुंबईहून निघत असेल तर त्याला तितकंच जबरदस्त कारण द्या. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. पौष-माघात समुद्र बहुधा शांत असतो, तेव्हाची वादळं इंग्रजी पुस्तकांतून आलेली.

वारा: निरभ्र महिन्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. म्हणून पहाटे बंदरातून बाहेर पडणं आणि दुपारी परत शिरणं सोपं. पाठलागाच्या प्रकरणात हे वापरलं तर खाडीत अडकलेल्या नायकाला पहाटेची वाट बघावी लागते, आणि ताण फुकटात मिळतो.

अंतर: विजयदुर्ग ते मुंबई साधारण दीडशे सागरी मैल. गलबत पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) चाललं तर तीस तास. ‘सूर्यास्ताला निघून मध्यरात्री पोहोचले’ हे कापा.

नजर: डोळा पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर, सोळा मीटरच्या डोलकाठीवरून सुमारे १४. समोरच्या जहाजाची शिडं याहून लांबून दिसतात, कारण तीही उंच असतात. म्हणून आधी शिडाचं टोक दिसतं, खालचं लाकूड मागाहून. पहारेकऱ्याने एकदम ‘काळ्या रंगाचं गलबत, तोफा वीस’ असं ओरडायचं नाही.

जहाजं: गुराब आणि गलबत यात गल्लत नको. गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांपर्यंत, नाळेवर समोर डागायच्या दोन तोफा. गलबत लहान, सहसा सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठं विलायती जहाज जागेवर लोळतं, तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोराने ओढत त्याच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या तोफा सगळ्यात कमी. आंग्र्यांच्या लढाईची ही खरी पद्धत कुठल्याही कल्पित द्वंद्वापेक्षा रोमांचक आहे. कथेत लढाई असेल तर ‘वारा पडला’ या दोन शब्दांनी सुरू करा.

इतिहासाचा मुद्दाही इथेच येतो. इंग्रजीवरून आलेल्या कथांत आंग्रे चाचे असतात. कान्होजी सरखेल म्हणजे आरमारप्रमुख होते, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे. त्यांच्या दस्तकाशिवाय फिरणारं जहाज ते पकडत, पोर्तुगीजही आपल्या परवान्यासाठी तेच करत. शत्रूच्या तोंडी ‘चाचा’ राहू द्या, निवेदकाच्या तोंडून काढा. सालं बघा: कान्होजी १७२९ मध्ये गेले, सुवर्णदुर्ग १७५५ ला पडला, विजयदुर्ग १७५६ च्या फेब्रुवारीत, तेव्हा तो कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याकडे होता. आणि त्या मोहिमांत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे गाळू नका. आजच्या मुलांना ते पचतं.

सिद्दी, अरब, खलाशांतल्या खालच्या जाती यांच्याबद्दलची हीन वर्णनं असतील तर कापा, पण गुपचूप नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर ‘संपादित आवृत्ती’ असं लिहा, काय बदललं ते चार ओळींत सांगा, आणि मूळ स्कॅन मोकळं असेल तर लोकांना बघायला ठेवा. लेखकाचं नाव मात्र कायम. हक्क संपले म्हणून ते झाकता येत नाही.

फर्मा_सोळा

छपाई थोडक्यात. २०×३० इंची कागदावर ५×७.५ इंचाची पानं घेतली तर एका तावात दोन्ही बाजू धरून ३२ पानं बसतात. १२८ पानं म्हणजे सोळा पानी आठ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच), एका प्रतीला चार ताव. ५०० प्रतींना २००० ताव, म्हणजे ४ रीम, अधिक वाया जाणारे ५ ते ७ टक्के. या आकाराच्या पानावर १२ पॉइंटात साधारण २२० शब्द मावतात. मजकूर २४,००० शब्दांचा असेल तर ११० पानं, पुढच्या दोन पानांसह ११२, म्हणजे बरोबर सात फर्मे. ११३ वं पान निघालं तर फर्मा वाढतो, म्हणून मजकूर कापायचा तो इथे कापा.

कागद ७० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड. कागदाचा तंतू पाठीला समांतर आहे ना हे प्रेसला विचारा. आडवा असेल तर उघडलेलं पुस्तक आपोआप मिटतं आणि गोंद लवकर सुटतो. दोनशेच्या खाली प्रती असतील तर ऑफसेट परवडत नाही, डिजिटल घ्या.

फॉन्ट शोभिका किंवा यशोमुद्रा. मराठी वळणाचा ल आणि श येतो का, आणि ‘ऱ्या’ नीट उमटतो का, हे एका पानाची छापील प्रत काढून बघा, पडद्यावर नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, पण वेळ लागतो. मुखपृष्ठ छपाईला जायच्या आधी तो हातात हवा.

मिरज_ध्वनी

ध्वनीसाठी: मराठी कथा आरामात वाचली तर मिनिटाला १२० शब्द. २४,००० शब्द म्हणजे २०० मिनिटं, वीस मिनिटांचे दहा भाग. छापील प्रकरणं तशीच घेऊ नका. भाग प्रश्नावर तोडा, उत्तरावर नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आधीच्या घटनेची दोनच वाक्यं.

खोलीत भिंतींना वाकळी टांगा, पंखा आणि फ्रिज बंद. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम चालतो आणि उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. त्यांची घरघर खालच्या सुरात असते, ८० हर्ट्झचा फिल्टर लावून अर्धीच जाते. रस्त्यापासून लांबची मागची खोली निवडा नाहीतर हंगामाच्या बाहेर मुद्रण ठेवा.

लाटांचा आवाज सतत लावू नका. लाट म्हणजे खरखरच. फाइल लहान करायला ६४ केबीपीएसला दाबली की ती गुळण्या केल्यासारखी ऐकू येते. ९६ केबीपीएस मोनो ठेवा आणि लाटा फक्त प्रसंग बदलताना पाच सेकंद, बोलण्याच्या २५ डेसिबल खाली. लाकडाची करकर हवी तर जुन्या वाड्यातल्या झोपाळ्याची कडी मुद्रित करून अर्ध्या वेगाने लावा. वाचणारा एकच ठेवा, आणि लढाईत त्याला आवाज चढवू देऊ नका. वाक्यं तोकडी होतात तेवढंच पुरे.

कराडचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं पुस्तक ठरतंय: लेखक १९५८ मध्ये वारलेले, मुखपृष्ठ नवीन करून घेणार. तांडेल साहेब, वहीत नोंदी सुरू केल्या. एक अडलंय. शेवटच्या प्रकरणात कार्तिक शुद्ध अष्टमीला मध्यरात्री ऐन भरतीत गलबत विजयदुर्गच्या खाडीत शिरतं. हे जमतं का?

तांडेल_कट्टा

नाही. कोकणातला कोळ्यांचा आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ येते. अष्टमी म्हणजे ८ ची पाऊणपट ६. भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, मध्यरात्री चक्क ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी फारसं चढतच नाही, जड गलबत गाळात बसेल.

दोन वाटा आहेत. वेळ संध्याकाळची करा, पण मग अंधार जातो आणि पहारेकऱ्याला चुकवायचा सगळा भाग कोसळतो. त्यापेक्षा तिथी बदलून कार्तिक अमावस्या करा. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, भरती उधाणाची, आणि चंद्र नाही. मात्र मागे जाऊन तपासा: याच्या तीन दिवस आधीचा एखादा प्रसंग रात्रीच्या पहिल्या प्रहरात ‘चांदण्यात’ घडत असेल तर तो चंद्रही काढावा लागेल. वद्य द्वादशीला तो पहाटे तीन-साडेतीनच्या आधी उगवत नाही.